माझा डॅन्यूबचा व्हिसा आला!

मैत्रिणींनो, आज दुपारी व्हिसा आला! पुढच्या महिन्यात मी आठ दिवस डॅन्यूब नदीवर बोटीने फिरणार.

आमचे हे जेद्दा बंदरात क्रेन चालवायचे. जन्मभर बोटी भरल्या, पण सहलीला कधी बोटीत बसले नाहीत. त्यांना वाचता येत नसे. मी घरीच वाचायला शिकले आणि या नदीकाठच्या शहरांबद्दल त्यांना वाचून दाखवायची. "एकदा जाऊच," म्हणायचे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

मुलगा म्हणाला, "अम्मी, एकटी काय करशील?"

"किल्ला दिसला की त्याची माहिती वाचून दाखवीन."

"कोणाला?"

"तुझ्या अब्बांना. मोठ्याने."

"लोक हसतील गं!"

हसू देत. पण खरं सांगा, शेजारच्या खुर्चीत तुम्ही असतात, तर हसला असतात की ऐकलं असतं?