आश्रुबा मिस्त्रीचा निकाल

आश्रुबा मिस्त्रीला स्वतःच्या कानांचा फार गर्व होता, आणि तो वाढवण्यात आम्ही शेजारीपाजारी कुठं कमी पडलो नाही. वडवणीत त्याच्या गॅरेजला लागूनच माझं सीट कव्हरचं दुकान आहे. गाडी वळणावर आली की हा हातातला पाना खाली न ठेवता सांगायचा, बेल्ट गेलाय. बहुतेक वेळा ते खरं निघायचं. मग आम्ही वाहवा करायचो आणि चहा सांगायचो.

तेलगावच्या सुंदररावांची गाडी रामप्रसाद चालवायचा. अबोल, नाकासमोर चालणारा माणूस. ही गाडी चालता चालता अचानक बंद पडायची आणि थोड्या वेळाने, जणू काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. गॅरेजला आणली की मात्र शहाण्या लेकरासारखी वागायची. आश्रुबाने स्कॅनर लावून पाहिला, त्यात काही दिसेना. रामप्रसाद म्हणाला, माझ्याबरोबर तेलगावपर्यंत चला, इंजिन चांगलं तापल्याशिवाय ती बंद पडत नाही. बाजाराचा दिवस होता, दारात गाड्यांची रांग होती. आश्रुबा गेला नाही. गाडी पुन्हा आली तेव्हा सुंदरराव स्वतः सोबत होते. दोष कशात आहे ते एकदाचं सांग, असं त्यांनी भर बाजारात विचारलं, आणि माहीत नाही म्हणणं आश्रुबाच्या जिवावर आलं.

"गाडीत काय न्हाई, मालक. ड्रायव्हरच्या पायात हाय."

लोक हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. सुंदररावांनी तिथंच किल्ली मागून घेतली. मिस्त्रीचा शब्द म्हणजे आमच्याकडं कोर्टाचा निकाल. पुढं कुणीच रामप्रसादच्या हातात गाडी दिली नाही. तो जिनिंगवर कापूस उतरवायला जाऊ लागला.

मग एके दिवशी ती गाडी खुद्द सुंदररावांच्याच हातात बंद पडली, तीही ऐन चढावर, मागं उसाचा ट्रॅक्टर असताना. आश्रुबाचं तोंड उतरलं. या वेळी तो निमूटपणे गाडीत बसून तेलगावला जाऊन आला आणि इंजिन तापलेलं असतानाच बॉनेट उघडलं. इंजिन चालू ठेवून तो एकेक वायर बोटाने हलवत गेला, नजर स्कॅनरवर. इंजिन किती फिरतंय ते कळवणारा एक सेन्सर असतो, क्रँक सेन्सर. त्याचं कनेक्टर हलवलं आणि फेऱ्यांचा आकडा शून्यावर आला. गाडी बंद. कनेक्टर उपसून पाहिलं तर आतल्या पिनांवर हिरवा गंज, आणि रबराच्या फटीत कुंकू.

ते कुंकू याचंच होतं. दसऱ्याला नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या हाच पुजतो. चाकाखाली लिंबू ठेवून याचं भागत नाही. बॉनेट उघडून इंजिनाला हळदकुंकू वाहतो, नारळ फोडतो आणि सगळं पाणी मोठ्या भक्तीने आत ओततो. तेच पाणी झिरपत कनेक्टरमध्ये उतरलं होतं. दोष याचा, आणि शिक्षा भोगली त्या बिचाऱ्याने. मला म्हणाला, लई लाज वाटती राव, बाजारातून चालावंसं वाटत न्हाई. मी म्हटलं, मला सांगून काय उपयोग? तरी त्याच्यासोबत जिनिंगवर गेलो, कारण तो एकटा गेला नसता.

रामप्रसादने उभ्याउभ्याच सगळं ऐकून घेतलं. डोक्याला कापूस चिकटलेला होता. तो चिडेल, चार शिव्या देईल, अशी आश्रुबाला आशाच होती म्हणा ना.

"तुमी म्हणलात म्हून मला बी तसंच वाटाय लागलं, मिस्त्री," तो म्हणाला. "भावाचा ट्रॅक्टर बी हातात घेतला न्हाई मी तवापासून."

आश्रुबाने गाडीला नवं कनेक्टर बसवलं. पुढच्या बाजाराला रामप्रसादला बोलावून त्याने त्याच जागी, त्याच लोकांसमोर नारळापासून सगळं सांगितलं. हा माणूस खरं बोलत होता आणि मी ऐकलं नाही, असंही म्हणाला. सांगताना मान वर नव्हती. सुंदररावांनी रामप्रसादपुढं किल्ली धरली. माफी मागायची त्यांच्या घराण्यात रीत नसावी.

रामप्रसाद गाडीत बसला. आम्ही सगळे बघत उभे. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं, गाडी हातभर पुढं सरकली, आचका दिला आणि बंद पडली. त्याने परत सुरू केली. परत तेच. दार अजून उघडंच होतं आणि क्लचवर त्याचा पाय थरथरताना मला दिसत होता. या वेळी कुणी हसलं नाही.

आश्रुबा धावत पुढं गेला, बॉनेटवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझंच काम कच्चं ऱ्हायलं. वायर परत बघावी लागंल."

रामप्रसादने किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली.

"आता खोटं नका बोलू, मिस्त्री," तो हळूच म्हणाला. "गाडी चांगली हाय."