आंब्याची धुरी

रहाटणीच्या आमच्या घरामागे एक आंबा आहे. थंडीत रोज संध्याकाळी सासरे त्याच्याखाली पालापाचोळा पेटवायचे. निळसर धूर फांद्याफांद्यांतून सावकाश वर चढायचा आणि शेजारची सोसायटी ढगात तरंगल्यासारखी दिसायची. दोरीवरच्या कपड्यांना धुराचा वास लागतो म्हणून मी रोज भांडायचे.

"धुरी न्हाई दिली तर मोहर कसा धरंल, पोरी?" एवढंच ते म्हणायचे.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. आता पाला मी पोत्यात भरून घंटागाडीत टाकते. कपड्यांना नुसता साबणाचा वास येतो.

यंदा धुरीशिवायच झाड मोहरानं गच्च भरलं. घरातले सगळे खूश झाले. मला मात्र त्या झाडाचा भयंकर राग आला.