गोळीची पत्रिका

आधी तो चहा संपवा, मग सांगतो. मागे एकाला ही फजिती सांगताना ठसका लागला आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाचा दोष माझ्यावर आला. तसे माझ्यात दोष पुष्कळ आहेत. त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे, आपल्याला फार सोपं लिहिता येतं असं मला वाटतं.

मी भंडाऱ्याला आरोग्य खात्यात आहे. औषधं देणाऱ्यांत नाही, कागद देणाऱ्यांत. गावोगाव जी पत्रकं वाटली जातात, ती आमच्या टेबलावरून जातात. आमच्याकडे हत्तीपायाचा आजार जुना. डास चावतो, जंतू अंगात शिरतात आणि काही वर्षांनी पाय सुजून खांबासारखा होतो. ते होऊ नये म्हणून वर्षातून एकदा सगळ्या गावाला गोळ्या खाऊ घालायच्या, अशी मोहीम असते. गोळ्या फुकट! तरी लोक खात नाहीत.

का खात नाहीत? तर आमचं जुनं पत्रक ऐका. ‘हत्तीरोग संक्रमणाची शृंखला खंडित करण्यास्तव पात्र लाभार्थ्यांनी औषधांचे समक्ष सेवन करून सहकार्य करावे.’ आता तुम्हीच सांगा, हे वाचून कोणाला गोळी खावीशी वाटेल? मला वाटायची, पण ती डोकेदुखीची.

अशात वरून आदेश आला, की आरोग्याची माहिती लोकांना समजेल अशा सोप्या भाषेत द्या. आदेश कोणत्या भाषेत होता ते विचारू नका, मला तीनदा वाचावा लागला. पण समजल्यावर मला असा काही जोर चढला, की भर बैठकीत उभा राहिलो आणि मोठ्या साहेबांना म्हणालो, "सर, मला एक गाव द्या. असं पत्रक लिहितो की सगळं गाव गोळी खाईल."

साहेबांनी करडीकडचं एक गाव दिलं. मुद्दाम दिलं असणार! तिथे मागे गोळ्या खाऊन चार-पाच जणांना गरगरलं होतं. तेव्हापासून गावातल्या आशा सेविकेच्या हातून गोळ्या घ्यायच्या आणि ती वळली की छपराच्या कवेलूंत खोचायच्या, असा गावाचा रिवाज झाला होता.

"या वेळी जमलं नाही," साहेब म्हणाले, "तर ते गाव कायमचं गेलं समजा."

गावात गेलो. तिथल्या आशा म्हणजे रंजूताई. त्यांनी माझ्या हातातलं जुनं पत्रक पाहिलं आणि हसल्या.

"हे कोनी वाचत नाही जी. लोकं याच्यात मुरमुरे बांधतेत."

"मग लोक वाचतात तरी काय?"

"लग्नाची पत्रिका वाचतेत. पुरी वाचतेत! कोनाचं नाव राहिलं, कोनाचं खाली गेलं, सप्पा पाहतेत."

झालं! माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. पत्रिकाच छापायची!

भंडाऱ्यात लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे गेलो. सरकारी कागदावर गणपती कसा घालायचा, म्हणून त्या जागी डास घालायला सांगितला. तो माणूस धंद्यात मुरलेला. चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणाला, "सायेब, डासाले मुंडावळ्या लावू का?"

मजकूर मी स्वतः लिहिला. ‘आमच्या गावातून हत्तीपायाला हाकलून देण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार यावे, ही आग्रहाची विनंती. स्थळ: गावची शाळा. वेळ: सकाळी अकरा. आधी पोटभर जेवण, मग गोळी. उपाशीपोटी गोळी नाही म्हणजे नाही.’ शेवटची ओळ लाल आणि ठसठशीत. या गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या तर मळमळतं, गरगरतं. मागे तेच झालं होतं ना!

घरी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "स्वयंपाकाला कोण आहे?"

"कसला स्वयंपाक?"

"काही नाही," म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. पण मी कसला ऐकतो! उलट रंजूताईंना बजावलं, "पत्रिका नुसती टाकून येऊ नका. उंबऱ्यावर हळदीचे तांदूळ ठेवा. चुलीला आवतण द्या. घरातलं एकही माणूस राहायला नको."

आमच्याकडे चुलीला आवतण म्हणजे अख्ख्या घराला आवतण. त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. हे मला माहीत नव्हतं म्हणता? अहो, मी इकडच्याच बपेरा गावचा! लहानपणी असल्या आवतणाच्या दिवशी सकाळपासून पोट रिकामं ठेवून बसलेला माणूस आहे मी. पण तेव्हा माझ्या डोक्यात फक्त लाभार्थी होते, चूल नव्हतीच.

मोहिमेच्या दिवशी सकाळी सातला अर्धा कप चहा घेऊन भंडाऱ्याहून निघालो. साडेदहाला शाळेत पाहतो तर काय, पटांगणात पाय ठेवायला जागा नाही! बायका ठेवणीतल्या लुगड्यांत, पोरांचे भांग पाडलेले. कित्येकांच्या हातात घरून आणलेला पाण्याचा गडवा. मी म्हटलं, बघा, गोळी गिळायला पाणीसुद्धा घेऊन आलेत! मी काही सांगायच्या आत लोक आपसूक समोरासमोर रांगा धरून बसले. इतकी शिस्त! मी साहेबांना फोन लावला.

"सर, सगळं गाव आलंय!"

"मी फोटोवाल्याला घेऊन निघतो," साहेब म्हणाले.

पहिल्याच रांगेत सुभद्राबाई बसल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, डावा पाय हत्तीपायाने सुजलेला, हातात काठी, शेजारी नात. रंजूताई गोळ्या घेऊन त्यांच्यापुढे वाकल्या. मी हसतमुखाने विचारलं, "काय आजी, जेवून आलात ना?"

"आवतन असल्यावर घरून कोन जेवून येते जी?"

"म्हणजे? घरी स्वयंपाक..."

"चुलीले आवतन देल्लं ना तुमी! काल राती चूल विझवली, ते विझवलीच."

मागून एकाने विचारलं, "नुसता वरन-भात हाय का बुंदी बी हाय?"

दुसऱ्याने पत्रिकाच वर धरली. "आधी पोटभर जेवन, असं लिवलं हाय. वाचून दाखवू का?"

सगळ्या गावाने माझं पत्रक वाचलं होतं. शब्दन् शब्द! नोकरीच्या इतक्या वर्षांत इतकं मन लावून वाचलेलं सरकारी पत्रक मी पाहिलं नव्हतं, आणि आता पळावं कुठून ते शोधत होतो.

उपाशी माणसांना गोळी देता येईना. जेवून या म्हणावं, तर चिडलेलं गाव परत कशाला येतं? दोन-चार जण उठलेच. "जेवाले बलावून उपाशी ठेवून राहिले! चाला रे!" मला खरंच भीती वाटली. गाव हातचं चाललं होतं, आणि दोष गोळीचा नव्हता, माझा होता.

तेवढ्यात सुभद्राबाईंनी काठी आपटली.

"बसा खाली! माह्या पायाकडं पाहा. हा पाय ओढत मी इथवर आली ते बुंदीसाठी नाही आली. माहा पाय तं आता बरा होत नाही, पर ह्या पोरीचा असा नाही झाला पायजे. सायेब चुकला, तं चुकला. तांदूळ तं आपल्या घरी हायेत ना? आना, अन् चुली मांडा!"

घराघरातून तांदूळ आले, तुरीची डाळ आली, वांगी आली. शाळेमागे दगडांच्या चुली मांडल्या, त्यांवर भाता-वरणाचे मोठाले गंज चढले. आणि ओझी वाहायला कोण? आवतण देणारा! मी लाकडं आणली, पाणी आणलं, फुंकून फुंकून डोळे लाल केले. पहिली पंगत बसली तेव्हा एक भला माणूस म्हणाला, "सायेब, तुमी बी बसून जा."

"वा रे वा!" सुभद्राबाई म्हणाल्या. "आवतन देनारा पयले जेवते काय? तो आखरीले."

मग मी वाढत सुटलो. "भात, भात... वरण, वरण..." पंगत उठली की रंजूताई वयाप्रमाणे गोळ्या द्यायच्या आणि गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. तान्ही लेकरं आणि पोटुशा बाया सोडून एकूण एक माणसाने गोळी खाल्ली. कवेलूंत खोचायला शाळेचं छप्पर उंच होतं, हेही खरं.

अडीचच्या सुमारास साहेब आले. पंगत, गोळ्या, हसरे चेहरे! "वा! याला म्हणतात लोकसहभाग," साहेब म्हणाले. असं कौतुक कशाला खोडून काढायचं? "आता तुम्हीही गोळ्या घ्या, सगळ्यांसमोर," साहेब पुढे म्हणाले. " लोकांचा विश्वास वाढतो."

फोटोवाला सरसावला. मी हसऱ्या चेहऱ्याने गोळ्या तोंडात टाकल्या आणि वर गडवाभर पाणी प्यायलो.

मग भाषण ठोकलं. जुनं पत्रक कसं होतं, मी कसं सोपं केलं, सगळं सविस्तर. पंधरा-वीस मिनिटांनी शेवटाकडे आलो. "तर मंडळी, या गोळ्या अगदी सुरक्षि..." आणि डोळ्यांपुढे अंधार! पोटात ढवळलं, पाय गेले आणि मी सरळ उष्ट्या पत्रावळींच्या ढिगावर आडवा.

"सायेब पडला!"

"गोळीनं पडला!"

"आता आपलं का होते बावा?"

एक जण गोळी ओकायला स्वतःच्या घशात बोट घालायला निघाला. मला ऐकू सगळं येत होतं, बोलता काही येत नव्हतं. एवढं करून आपणच गाव घालवलं, एवढंच मनात येत होतं, आणि रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

मग वर सुभद्राबाईंचा चेहरा दिसला.

"काय रे, जेवला का तू?"

मी मान हलवली. नाही.

त्यांनी कमरेला खोचलेली पत्रिका काढली. उलटी धरली. बाईला अक्षरओळख नाही, पण खणखणीत आवाजात म्हणून दाखवलं, "‘आधी पोटभर जेवन, मंग गोळी. उपाशीपोटी गोळी नाही म्हंजे नाही.’ मी अंगठेवाली, माहं पाठ झालं. हे लिवलं कोनं?"

"मी," मी कसाबसा म्हणालो.

"मंग वाचलं कोनं?"

अख्खं पटांगण हसलं. साहेबसुद्धा हसले, तोंडावर रुमाल धरून. घशात बोट घालणाऱ्याने ते काढून घेतलं. बाईंनी मला तिथेच बसवून स्वतःच्या हाताने वरण-भात भरवला, आणि गाव आपापसात बोलू लागलं की कागद खरा निघाला, जेवल्याशिवाय घेतली की असं होते. बाकी कोणाला काही झालं नाही.

आता तुम्ही म्हणाल, पत्रकाचं काय झालं? साहेबांनी या वर्षी नवीन छापलं, सगळ्या जिल्ह्यासाठी. डास नाही, मजकूर नाही. डावीकडे पंगतीत जेवून गोळी घेणारे हसरे लोक. उजवीकडे पत्रावळींवर आ वासून पडलेला मी. फोटोवाला त्याचं काम चोख करत होता म्हणायचा. खाली एक अक्षर नाही.

"याहून सोपी भाषा नाही," साहेब म्हणाले.

परवा बपेऱ्याला घरी गेलो. दाराशी आईच्या हातात तेच पत्रक. तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी पाय धुवायच्या आत ताट वाढलं. मग शेवटचा घास गिळेपर्यंत समोर बसून राहिली, रंजूताईसारखी.