डिस्टेंपरखालचा चुना

जालन्यातल्या निम्म्या सरकारी भिंतींवर सर्जेराव पेंटरचं अक्षर होतं आणि एकाही भिंतीवर त्याचं नाव नव्हतं. 'पाणी जपून वापरा', 'कचरा घंटागाडीतच टाका', 'कर वेळेवर भरा' असं सांगून गावाला शहाणं करायचं काम तीस वर्षं त्याच्याच ब्रशने केलं. गाव किती शहाणं झालं ते सोडा, पण अक्षर असं की भरधाव मोटारसायकलवरचा माणूसही न थांबता वाचून जाई. दुकानाच्या पाटीवर तो कोपऱ्यात 'सर्जेराव आर्ट्स' असं बारीक लिहायचा. सरकारी भिंतीवर ती मुभा नव्हती. ऑफिसातून मजकुराचा कागद यायचा, निळीत बुडवलेली दोरी भिंतीवर ताणून सोडली की रेघा उमटायच्या, आणि त्या रेघांमध्ये सर्जेराव दुसऱ्याचे शब्द भरून मोकळा व्हायचा.

पुढे फ्लेक्स आला आणि पाट्या गेल्या. लग्नाच्या भिंती, टेम्पोच्या मागची वाक्यं आणि महापालिकेचा मजकूर एवढंच उरलं. तरी सर्जेराव स्वतःला आर्टिस्ट म्हणवून घ्यायचा. गाव मात्र पेंटरच म्हणायचं. याचं त्याला किती वाईट वाटायचं, ते त्याच्या बायकोला, साळूबाईलाच ठाऊक.

दैवशाला नावाची पोरगी त्याच्याकडे आली ती बारावीत असताना. मूळची केदारखेड्याची, आई चतुराबाई बियाण्याच्या प्लॉटवर कपाशीच्या क्रॉसिंगच्या कामाला जायची. पोरगी दोन उन्हाळे त्याच्या दुकानात बसली. डबे ढवळले, ब्रश धुतले, मग अक्षरं गिरवली. तिचा हात चांगला होता हे सर्जेरावला पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि त्याने ते तिला कधीही सांगितलं नाही. नंतर ती चित्रकला शिकायला संभाजीनगरला गेली. जाताना पाया पडायला आली तेव्हा हा म्हणाला, "जा, पण डोक्यात हवा जाऊ देऊ नको." आशीर्वाद म्हणून त्याच्याकडे एवढंच निघालं.

गेल्या हिवाळ्यात बातमी आली. महापालिकेच्या इमारतींवर चित्रं काढायची, त्याला निधी मंजूर झालाय, आणि पहिली भिंत पाणीपुरवठ्याच्या ऑफिसची, रस्त्याकडची, चाळीस फूट लांब. शिवाय चित्रकाराचं नाव लिहायलाही परवानगी. नाव! सर्जेराव तीन दिवस जमिनीवर नव्हता. ती भिंत त्याची होती. दर वर्षी जुना मजकूर चुन्याने पुसून त्यानेच नवा लिहिला होता, आणि तीन वर्षांपूर्वी त्या सगळ्या चुन्यावर डिस्टेंपरचा हातही त्यानेच मारला होता. अर्ज भरला, भिंतींचे फोटो जोडले, इस्त्रीचा शर्ट घालून तो निवड समितीपुढे जाऊन बसला.

समितीत एक इंजिनियर साहेब होते, एक कॉलेजातले चित्रकलेचे सर होते. सरांनी विचारलं, "काय काढणार?"

सर्जेरावने खिशातून पेन काढलं, वही उघडली आणि म्हणाला, "मजकूर सांगा साहेब."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सर हळू आवाजात म्हणाले, "मजकूर नाही हो. काय काढायचं ते तुम्हीच ठरवायचं."

तीस वर्षांत हे त्याला कुणी म्हटलं नव्हतं. डोक्यात पाणी जपून वापरा यायला लागलं, घंटागाडी यायला लागली. शेवटी म्हणाला, "तुमी म्हणाल ते बराबर काढतो. अक्षर बघा माझं." साहेबांनी अक्षर बघितलं, वाहवा केली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. पुढचा माणूस म्हणजे दैवशाला. तिच्या काखेत चित्रांची गुंडाळी होती.

तिची निवड झाली. काढणार काय, तर क्रॉसिंगच्या बाया. एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर लावणारे त्यांचे हात, आणि त्यातून निघणाऱ्या बियाण्याच्या धंद्यावर चालणारं अख्खं शहर. सर्जेरावच्या घरासमोरून त्या बायांचे टेम्पो वीस वर्षं जात होते. त्याने ते रोज बघितलं होतं. तिने तेच मांडलं आणि भिंत मिळवली, याने त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. जेवताना तो म्हणाला, "माझे डबे ढवळणारी पोरगी! तिला रेघ मारायला म्या शिकवलं!"

"मंग चांगलंच झालं की," साळूबाई म्हणाली.

"काय चांगलं झालं? तुला काय कळतं?" तो ताटावरून उठला.

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दैवशाला त्याला शोधत आली. ऑफिससमोरच्या चहाच्या टपरीवर तो बसला होता. तिने वाकून नमस्कार केला, शेजारी बसली.

"काका, ही भिंत तुमीच रंगवलेली हाय. डिस्टेंपरखाली चुना हाय का?"

प्रश्न साधा होता, पण त्यावर सगळं चित्र उभं राहणार होतं. चुन्यावर डिस्टेंपर कसाबसा तगतो, चित्राचा जाड रंग धरत नाही. वरून भिंत कितीही छान दिसो, उन्हाळा लागला की खालचा चुना सुटतो आणि वरचं चित्र पापडासारखं निघून येतं. तिथे तर सत्तावीस वर्षांचा चुना होता, हातावर हात. सगळा खरवडून काढल्याशिवाय त्या भिंतीवर काही टिकणार नव्हतं, हे जालन्यात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस कपातल्या चहाकडे बघत होता.

"न्हाई," तो म्हणाला. "खाली सिमेंट हाय. बिनधास्त मार."

"बरं काका," ती म्हणाली आणि चहाचे पैसे देऊन गेली.

त्या रात्री सर्जेराव छान झोपला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झोपला.

दुसऱ्या दिवशी भिंतीपुढे बांबूची परांची उभी राहिली, तिच्यावर हिरवी जाळी चढली. सर्जेरावने त्या रस्त्याने जाणंच सोडलं. मोंढ्याच्या बाजारात जायचं तरी लांबून वळसा घालायचा. कुणी सांगायचं, "पेंटर, काय झकास काम चालू हाय तिथं!" हा म्हणायचा, "चालू द्या, चालू द्या." आणि मनात दिवस मोजायचा. मार्चमध्ये उद्घाटन, एप्रिलमध्ये ऊन, मे महिन्यात पोपडे. आधी कडेने सुटतील, मग बायांच्या तोंडावरून. लोक विचारतील, कुणी काढलं हो हे? आणि खाली नाव असेल. नावाची तिला हौस आहे ना, मग वाचू दे गावाला. असं मनात आलं की त्याला गार वाटायचं, आणि थोड्या वेळाने तो पुन्हा चडफडायचा, कारण मे महिना अजून लांब होता.

उद्घाटनाचं बोलावणं आलं. कार्डावर 'विशेष उपस्थिती' म्हणून त्याचं नाव छापलं होतं. गुरू म्हणून बोलावलं असेल, असं धरून तो गेला. पडदा दूर झाला आणि सर्जेरावने चित्र पहिल्यांदा बघितलं. चाळीस फुटांत नऊ बाया फुलांवर वाकलेल्या. एकीचं बोट फुलाला असं टेकलेलं की श्वास रोखून बघावं. चित्र चांगलं होतं. इतकं चांगलं होतं की आपल्याला असं कधीच जमलं नसतं, हे त्याला तिथेच, उभ्या उभ्या कळलं. गुरू म्हणून अभिमान वाटायला हवा होता. वाटला तो नुसता जळफळाट.

इंजिनियर साहेब माईकवर आले. "या भिंतीखाली पंचवीस-तीस वर्षांचा चुना होता," ते म्हणाले. "तो तसाच राहिला असता तर हे चित्र यंदाच्या उन्हाळ्यातच गळून पडलं असतं. पण आपले सर्जेराव पेंटर यांनी वेळेवर सावध केलं. बारा दिवस सगळी भिंत खरवडली, मगच रंग लावला. महापालिकेतर्फे त्यांचा सत्कार करतो."

टाळ्या पडल्या. सर्जेरावला कुणीतरी हाताला धरून वर नेलं. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. फोटो निघाला. त्याने मान वर केली नाही आणि लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला.

खाली उतरल्यावर दैवशाला पाया पडायला वाकली. त्याने तिला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"कवा कळलं तुला?"

"तवाच," ती म्हणाली. "काका, म्या भिंतीचं विचारलं आन् तुमी भिंतीकडं बघितलंबी न्हाई. नुसतं चहाकडं बघून राह्यले व्हते. तुमी घरी गेल्यावर म्या परत येऊन भिंत नखानं खरवडली. चुना हाताला आला."

"मंग माझं नाव कामून सांगितलं?"

"काय करू? भिंत खरवडायला खर्चा लागतो. साहेब म्हणे, कोण म्हणतंय खाली चुना हाय? मी म्हणलं असतं तर फाईल महिनाभर फिरली असती. मी तुमचं नाव सांगितलं. साहेब म्हणे, सर्जेराव म्हणतोय तर असंलच. जाग्यावर सही केली."

आपल्या नावाला या गावात किंमत नाही, असं सर्जेराव तीस वर्षं म्हणत आला होता. ते नाव ऑफिसात एका वाक्यावर चाललं होतं, आणि नेमकं ते वाक्य त्याने उच्चारलंच नव्हतं.

तेवढ्यात साहेब आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर्जेराव, बरं झालं हो तुम्ही सांगितलंत."

त्याने तोंड उघडलं. मी नाही सांगितलं, मी खोटं बोललो, हे जिभेवर आलंही. समोर दैवशाला उभी होती. तिने नको म्हणून मान किंचित हलवली. हा खरं बोलला तर फाईलवर तिचा शब्द खोटा पडणार होता. सर्जेराव म्हणाला, "व्हय साहेब. लई चुना व्हता. मीच मारलेला."

घरी आल्यावर साळूबाईने शाल हातात घेतली, पोत बघितला, शेजारणीला हाक मारायला दाराकडे निघाली. त्याने तिला थांबवलं आणि सगळं सांगितलं, चहाच्या टपरीपासून. ती ऐकून घेत होती. मग शाल पुढे करून म्हणाली, "देऊन या जाऊन. जल्दी जा, साहेब अजून आफिसात असंल."

"देता येत न्हाई. दिली की पोरगी खोटी पडती."

"मंग आता?"

सर्जेराव खाटेवर बसला. टोपी काढली, चेहऱ्यावरून हात फिरवला. डोळे भरून आले होते आणि आवाजात अजून रागच होता.

"एवढी मोठी व्हायला नको व्हती ती, साळू," तो म्हणाला. "माझ्या हाताखालची पोरगी."