तात्या आणि निळं फेअरिंग

तात्यांइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. वीज कडाडली की रंगाचा फवारा बंद करून कोपऱ्यात बसायचे. खाकी कपडे दिसले की पाणी प्यायच्या निमित्तानं आत जायचे. जन्मभर मोटारसायकली रंगवल्या, पण एकीवरही कधी बसले नाहीत. सणसरहून रोज एसटीनं यायचे. बारामतीत माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागूनच त्यांचा गाळा होता.

गाडीच्या पुढचं प्लास्टिकचं कवच, म्हणजे फेअरिंग, फुटलं की नवं घेणं कॉलेजच्या पोरांना झेपायचं नाही. ती तात्यांकडे यायची. तात्या तडा सांधायचे, घासून गुळगुळीत करायचे आणि उरल्यासुरल्या डब्यांतले रंग मिसळून मूळ रंगाशी जुळवायचे. मग तुकडा घेऊन रस्त्यावर जायचे. "सावलीत समदे रंग जुळत्यात. उन्हात बघावं लागतं," म्हणायचे. पण बाहेर पडण्याआधी ट्रक येत नाही ना, हे दोन्हीकडे पाहून घ्यायचे.

एका सकाळी कन्हेरीच्या रस्त्यावर रानात निघालेल्या बाईला मोटारसायकलनं उडवलं. चालवणारा थांबला नाही. बाई दवाखान्यात बेशुद्ध होती. गाडी निळी होती, एवढंच लोक सांगत होते.

दुपारी एक धिप्पाड माणूस पोत्यात गुंडाळलेलं निळं फेअरिंग घेऊन तात्यांकडे आला. मी माझ्या दारातच उभी होते.

"रंग असा जुळवा, की फुटल्यालं कुणाला कळाय न्हाय पायजे," तो म्हणाला.

तात्यांनी तडा निरखला आणि फेअरिंग घाईघाईनं परत पोत्यात गुंडाळलं. ते त्या माणसाच्या नजरेतून सुटलं नाही.

"तात्या, तुमची लेक कळंबला दिलीया न्हवं? एकटीच रानात जाती म्हणं."

तात्या कसेबसे म्हणाले, "प्रायमर वाळाय पायजे. उद्या न्या."

तो गेल्यावर तात्या पोतं घेऊन माझ्याकडे आले. सदरा घामानं भिजला होता. त्यांनी तडा दाखवला. आत हिरव्या लुगड्याचा धागा अडकला होता.

"ह्यो घासून काढू का, ताई? माझा हात चालंना." मग म्हणाले, "ठाण्यात माझ्यासंगं येता का? एकट्याला भ्या वाटतंय."

"आणि लेकीचं काय?"

"जावयाला फोन केला. तिला घिऊन हिकडं ये म्हणलं."

पोलीस ठाण्याच्या फाटकाशी येताच ते कट्ट्यावर बसले. "तात्या, परत फिरूया," मीच म्हणाले. त्यांनी पोतं छातीशी धरलं, उठले आणि माझ्या आधी आत गेले.

तो माणूस त्याच संध्याकाळी सापडला. बाई वाचली, थोडी लंगडत चालते. कोर्टात साक्षीच्या दिवशी तात्यांना बाहेर उलटी झाली, पण आत गेल्यावर त्यांनी त्या माणसाकडे बोट दाखवलं. नंतर मात्र दारात गाडी थांबली की ते दचकायचे. शेवटी गाळा बंद करून सणसरलाच राहिले.

परवा भेटायला गेले, तर मी आत येताच त्यांनी दाराला कडी घातली.

"अजून भीती वाटते, तात्या?"

"व्हय. रोज वाटती." चहाची बशी माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, "पण झोप लागती, ताई."