नानांनी पसंत केलेलं ऑफसेट

नव्वदच्या आसपास आमच्या जळगावच्या छापखान्यात ऑफसेट मशीन घ्यायचं ठरलं. नवं झेपणारं नव्हतं, म्हणून वडील वापरलेलं शोधत होते. ते पारखायला त्यांनी नानांना बरोबर घेतलं आणि प्रुफं मी वाचायची, म्हणून मलाही. नाना आमचे जुळारी. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळी जुळवण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. ऑफसेट आलं की खिळे बंद होणार, हे वडिलांना ठाऊक होतं. नानांना तसं सांगणं मात्र त्यांना जमलं नव्हतं.

धुळ्यात पहिलं मशीन एका दलालाच्या गोदामात पाहिलं. ताजा हिरवा रंग, चकचकीत. वडील खूश झाले. नानांनी त्यावर एक पत्रक छापायला लावलं आणि तोच कागद पुन्हा मशीनमधून काढायला सांगितला. दुसऱ्यांदा अक्षरं पहिल्या अक्षरांवर बसली नाहीत. ओळीओळीला सावली आली. नानांनी कागद वडिलांच्या हातात दिला आणि चपला घातल्या.

दुसरं धुळ्यातच, देवपुरात होतं, पांझरा नदीच्या पलीकडे. रंग पार उडालेला, पण रुळांवर वाळलेली शाई कुठेच नव्हती. मालकाच्या पत्नीने सांगितलं, की ते रोज संध्याकाळी स्वतः रूळ पुसायचे. आता त्यांना उभं राहवत नाही. इथेही कागद दोनदा गेला. नानांनी भिंग लावून पाहिलं, मग मला दिलं. अक्षर एकच दिसत होतं.

"हाई बरं शे, भाऊ," नाना वडिलांना म्हणाले. "लई ल्या." नानांच्या अहिराणीत याचा अर्थ, घेऊन टाका.

परतीच्या एसटीत पारोळं मागे पडलं. मग वडील म्हणाले, "नाना, तुमचं काम जाईल हे माहीत असून तुम्ही चांगलंच निवडलंत."

"वाईट निवडलं असतं तरी गेलंच असतं," नाना म्हणाले. "चुका तर राहतीलच ना, भाऊ? त्या शोधायला मला बसवा."

वडिलांनी त्यांचा हात हातात घेतला आणि एरंडोल येईपर्यंत सोडला नाही.

पुढे सात वर्षं नाना माझ्यासमोर बसून प्रुफं वाचत. खिळे उलटे वाचायची सवय, म्हणून कागदही उलटा धरत. तसं वाचलं की डोळा अर्थामागे धावत नाही, अक्षरापाशी थांबतो, असं म्हणायचे. मलाही त्यांनी तसंच शिकवलं. सुरुवातीला मला घेरी यायची. नाना तेवढ्यापुरता चहा मागवायचे आणि माझा पेला रिकामा होईस्तोवर पुढचं पान हाती देत नसत.