जाऊबाईचा हात

माझ्या मोठ्या जावेचा छातीचा कॅन्सर फार वाईट जातीचा निघाला. झपाट्यानं पसरते म्हणे, एकही दिवस वाया घालवू नका. नागपूरला केमो झाली, ऑपरेशन झालं. आता रेडिएशनचे शेक द्यायचे होते अन् त्या मशीनखाली हात डोक्याच्या वर घेऊन निजावं लागते. जाऊबाईचा हात खांद्याच्या वर जाईना. जिनं जन्मभर उंच फांद्यांवरची संत्री तोडली, तिचा!

कुणी तरी आणून दिलेला काढा डॉक्टरबाईनं थांबवला. म्हणाली, आमच्या औषधाशी त्याचं भांडण होईल. पण श्वासाचा योग, हलकं मालिश अन् भिंतीचा व्यायाम रोज करायचाच. बोटं भिंतीवर मुंगीसारखी चढवायची. जाऊबाई बोटांना गेरू लावायची, म्हणजे काल कुठवर पोचलो ते दिसते. मी बाजूला बसून चिडवायची, "काऊन थांबल्या? चढा ना, वर लाडू ठेवले!"

"तू गप वं!" ती म्हणायची, अन् दात दाबून अजून थोडी चढायची.

दिवाळी तोंडावर आली. आम्ही दोघी तपासणीला नागपूरला गेलो. हात वर आला नाही तर शेक लांबतील, असं डॉक्टरबाईनं बजावलं. सौंसरला घरी परत येऊन पाहतो तर सासूबाईंनी भिंतीला चुना मारलेला! सणासुदीला भिंतीवर लाल डाग कशाला, एवढंच त्यांच्या मनात.

केस गेले तेव्हा न रडलेली बाई ढसाढसा रडली. "माझं सारं पुसलं ना वं!"

माझं डोकंच फिरलं. मी सासूबाईंना नाही नाही ते बोलली. त्या कुंचला धरून उभ्या. "मले काय माहीत माय?" मग त्यांनी कुंचला ठेवला, जावेजवळ गेल्या अन् आपला सुरकुतलेला हात भिंतीला लावला. "चाल, माझ्यासंगं चढव."

दोघींची बोटं सोबत निघाली. जाऊबाई डोळे मिटून शिकवला तसा श्वास घेऊन राहिली होती. सासूबाई ठेंगण्या, खांदाही आखडलेला. त्यांचा हात थांबला.

"माझं इथवरच हाय माय," त्या म्हणाल्या, "तू जाय पुढं."

अन् तिची बोटं पुढं गेली. कपाळाच्या वर, डोक्याच्याही वर. बाप्पा! जाऊबाईनं डोळे उघडले अन् आम्ही तिघीही त्या हाताकडे पाहतच राहिलो. खाली घ्या म्हणायचंही कुणाला सुचलं नाही.